बस की गं जरा

सूरमध्ये, जिथे खाडीपलीकडे दीपगृह आहे
आणि जूनमध्ये समुद्रसुद्धा घामेजलेला दिसतो,
झुवैनाबाईंनी मला दारात उभं केलं.
ठरलेली बाई आली नव्हती, व्हिसा अडकला होता.
म्हणाल्या, रशिदा, तू रोज करतेस तेच कर.
कहवा आण, खजूर ठेव, जा.

रोज करते तेच करताना
हात पहिल्यांदाच परके झाले.

कागदावर माझ्या वाट्याला दीड ओळ होती:
मोलकरीण येते. जाते.
दाभोळला भाड्याच्या व्हिडिओवर
रात्र-रात्र सिनेमे बघितलेत मी.
प्रत्येकात कुणीतरी ट्रे घेऊन येते.
कॅमेरा कधी तिच्या हातांपर्यंत येतो,
चेहऱ्यापर्यंत क्वचित,
दारापलीकडे कधीच नाही.
आम्ही तरी कुठे शोधलं तिला?
आम्ही नायिकेच्या साडीचा काठ बघत होतो,
ती रडली की रडत होतो.

बैठकीत झुवैनाबाईंच्या आईचं काम करणारी नटी
नवऱ्याच्या गलबताची वाट बघत होती.
गालाला तेल लावून, खिडकीतून दिवा मारून
दुःख असं उजळवलं होतं
की साबणाची जाहिरात वाटावी.
माझी जीभ काही माझं ऐकत नाही.
म्हटलं, बाई, तुमच्या आईला कधी सर्दी व्हायची नाही का?

कॅमेरावाला हसला.
त्या हसल्या नाहीत.
बराच वेळ पडद्याची कड बोटाला गुंडाळत राहिल्या.
मग म्हणाल्या, कॅमेरा उचला. आत चला.

आता काय करू?
आत गेल्यावर काय करतेस तू?
काही नाही.
तेच कर.

काही नाही करायला मला चार मिनिटं लागली.
ओट्यावर सांडलेलं पुसलं.
खजुराची बी टाकायची ती चोखली, गोडवा होता अजून.
दल्ल्यात उरलेला कहवा ओतून घेतला, उभ्यानेच.
इथे पाहुण्याने फिंजान हलवला की पुरे समजायचं,
नाही हलवला तर ओतत राहायचं.
अकरा वर्षं मी लोकांची मनगटं बघत आलेय.
त्या दिवशी स्वतःचं बघितलं
आणि तोंडातून काहीतरी निघालं, मराठीत.
कट म्हणायला त्या विसरल्या.

मस्कतला दाखवला तेव्हा
चार मिनिटांचं दीड मिनिट झालं होतं.
पैसे घालणाऱ्याचं म्हणणं, यात काही घडत नाही.
खोटं नाही ते.
पण मी माझी मान मागून कधी पाहिली नव्हती.
अम्मीची मान. तशीच डावीकडे कललेली,
डोक्यावर हंडा नसतानाही.

पुढे कुणी खोकलं, कुणी फोन उघडला,
तेवढ्यात पडद्यावर माझे ओठ हलले
आणि खाली अरबी अक्षरं उमटली.
कुराणामुळे अक्षरं येतात मला, अर्थ मागाहून चालत येतो:
भारतीय भाषेत पुटपुटते.

शेवटी नावांच्या यादीत बुरोंडकरचं ब्रंदकार झालं होतं.
ते सोडा, बँकेतही तसंच आहे.
पण ते पुटपुटते
घशात काट्यासारखं अडकलं.

परतताना गाडी त्याच चालवत होत्या.
मागच्या सीटवर बक्षिसाचा खोका खडखडत होता.
कुरय्यात मागे पडल्यावर विचारलं,
तेव्हा तू नेमकं काय म्हणालीस?
बस की गं जरा.
बस? म्हणजे पुरे?
नाही, बस म्हणजे खाली टेक.
मग थोडं थांबून म्हटलं, पुरेसुद्धा.
'की'चं काय करायचं मला कळेना.
'गं' तर फक्त बाईला म्हणतात, तीही जवळची लागते.

रस्त्यात उंट उभा होता, त्यांनी वेग कमी केला.
गं, म्हणाल्या, नाकातून, जरा जास्तच ओढून.
उंट काही हलेना.
मी काही दुरुस्त केलं नाही.